चिंचेनं घासलेलं जर्मन पदक

घाट्या, तुझ्यावर काहीतरी लिहून द्या म्हणून आपल्या इथल्या मराठी मंडळींचा निरोप आला. जन्म, शिक्षण, नोकरी, कुटुंब असं थोडक्यात लिहा, हनीफभाई, म्हणाले. मी म्हटलं, ते सगळं त्याच्या सीव्हीत आहे, तोच छापा. मला तुझ्याशी भांडायचं आहे. या खेपेला तुला मध्येच तोंड घालता येणार नाही आणि अशी संधी कोकणी माणूस सोडत नसतो.

पण तुला उगाच ताटकळत ठेवत नाही. आधीच सांगून टाकतो, भांडण तूच जिंकलास. मी रडायला बसलो आहे असं समजू नकोस. रडून झालंय, बायकोच्या देखत झालंय आणि पुन्हाही होईल. पण आज मी लिहायला बसलो आहे तो तुझी मिरवणूक काढायला.

तुला माहीत असलेलं थोडं पुन्हा सांगावं लागेल, वाचणाऱ्यांसाठी. तुझे पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून मेसोपोटेमियात गेले आणि परत आले ते लंगडत. येताना खिशातून एक जर्मन पदक घेऊन आले. लोखंडी क्रूस, भोवती चांदीची कड. घरी त्यांनी सांगितलं की लढाई थांबल्यावर तुर्कांच्या बाजूनं लढणारा एक जखमी जर्मन सापडला, त्याला पाणी पाजलं, त्याच्याजवळ बसून राहिलो, आणि प्राण जाता जाता त्यानं खिशातून हे काढून माझ्या हातात ठेवलं. साताऱ्याकडच्या तुझ्या गावानं यातला एक शब्द मानला नाही. कोणी म्हणे, म्हाताऱ्यानं बसऱ्याच्या बाजारात विकत घेतलं. कोणी म्हणे, मढ्याच्या छातीवरून ओरबाडलं. दुसरी गोष्ट जास्त चविष्ट, म्हणून तीच टिकली. तुमच्या घराला नाव पडलं ‘मढेलुटे’. शाळेत त्या नावावरून तू एकाचा दात पाडला होतास, हे तू मला पहिल्या भेटीतच सांगितलंस आणि वर हसलास. मला तेव्हाच कळलं होतं की हा माणूस हसत असला तरी त्याला हे लागलेलं आहे.

आपली पहिली भेट इथे आखातात, रास लफानच्या गॅस प्रकल्पाला जाणाऱ्या बसमध्ये. आपल्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीत बस भरली की सगळे माना टाकायचे आणि घोरायचे. तू मात्र उम्म सलालचा फाटा मागे पडला की खिशातून रुमाल काढायचास, त्यात गुंडाळलेलं, कडीला लाल दोऱ्यांचा गोळा असलेलं ते पदक काढायचास आणि उजेडाकडे धरून बघत बसायचास. माझ्या शेजारी बसून असं रोज कोणी करू लागलं तर मी विचारणारच. मी गंज तपासणारा, तूही गंज तपासणारा. नळ्या आणि टाक्या गंज कुठे खायला लागलाय ते शोधायचं आणि त्यावर रिपोर्ट लिहायचा, हा आपला दोघांचा धंदा. म्हटलं, बघू तरी. हातात घेतलं आणि पहिल्याच नजरेत म्हणालो, "हे खोटं आहे."

"का?"

"पुढे १९१४ आहे, पण मागे १८१३ लिहिलंय. तुझे पणजोबा १९१४च्या लढाईत होते ना? मग शंभर वर्षं आधीचं साल त्या जर्मनाच्या पदकावर काय करतंय?"

तुझा चेहरा पडला. गावच्या मास्तरांनीही हेच सांगितलं होतं म्हणे. पण तू गप्प बसणाऱ्यांतला नव्हतास. त्यानंतर आपले शुक्रवार गेले ते गेलेच. माझी बायको म्हणायची, जुम्माची नमाज आणि माधवचं पदक, या दोन गोष्टी तुमच्या चुकत नाहीत.

आणि काय काय शोधून काढलंस रे! जर्मन भाषेची तुला गंधवार्ता नव्हती. फोनपुढे पान धरायचं, भाषांतर उमटेल तसं वाचायचं आणि अर्धं चुकीचं निघालं की पुन्हा धरायचं. मला तर त्या क्रूसापेक्षा तुझ्या चिकाटीचं नवल वाटायचं. एका सकाळी बसमध्ये तू माझी झोप मोडलीस ती ओरडूनच. पुढच्या सीटवरचे दोन फिलिपिनो दचकून उठले.

"हनीफ, १८१३ हाच तर पुरावा आहे!"

मग पुढचा सगळा रस्ता तू मला प्रशियाच्या राजाची गोष्ट सांगत होतास. फ्रेंचांशी लढाई, खजिन्यात खडखडाट. तोवर पदकं म्हणजे सोनं, हिरे आणि सरदार-दरकदार. या राजानं ठरवलं, पदक लोखंडाचं करायचं आणि अधिकारी असो की साधा शिपाई, सगळ्यांना एकच द्यायचं. ते साल १८१३. पुढे १८७०च्या लढाईत तेच पदक पुन्हा काढलं, १९१४ला पुन्हा काढलं, आणि मूळ साल मागच्या बाजूला तसंच ठेवलं. पुढे हिटलरच्या काळात आणखी एकदा काढलं, तेव्हा समोरच्या बाजूला त्याचं चिन्ह आणि १९३९ आलं, पण मागे १८१३ ते १८१३च. म्हणजे मागे ते साल नसतं तर पदक खोटं ठरलं असतं. गावच्या मास्तरांची आणि माझी एकदमच विकेट.

त्यातली एक गोष्ट तुला फार आवडली होती. राजानं पदक सुरू करण्याची तारीख मुद्दाम मागची धरली, आपल्या वारलेल्या राणीचा वाढदिवस म्हणून. आणि पहिला मान दिला तो तिलाच. तू सुनंदावहिनींना हे मोठ्या प्रेमानं सांगायला गेलास, तर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "मेल्यावर देऊन काय उपयोग?" मग तू दुसरी गोष्ट काढलीस, की त्या काळात तिथल्या बायकांनी लढाईसाठी अंगावरचं सोनं दिलं आणि त्याबदल्यात लोखंडाचे दागिने घातले. वहिनींनी कणकेचा हात कपाळाला लावला. "सोनं देऊन लोखंड? तरीच त्यांची लढाई संपेना." त्या दिवशी आपण तिघं जेवढे हसलो तेवढं मी या वाळवंटात क्वचितच हसलो असेन.

पण साल जुळलं म्हणजे पदक खरं ठरत नाही. नकला करणाऱ्यालाही १८१३ लिहिता येतं. म्हणून आपण त्या डच म्हाताऱ्याकडे गेलो. इथे अनेक वर्षं नोकरी केलेला, लढायांच्या जुन्या वस्तू जमवणारा, आणि पदकं बघताना चष्म्यावर दुसरा चष्मा लावणारा. त्यानं तुझं पदक तळहातावर घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. म्हणाला, खऱ्या क्रूसाचं मधलं लोखंड काळ्या रंगानं रंगवलेलं असतं. वापरून तो रंग उंच भागावरून जातो, खोलगट भागात राहतो. तुमच्या पदकावर तो सगळीकडून सारखाच गेलाय आणि लोखंड आरशासारखं चकाकतंय. शंभर वर्षांचं लोखंड असं दिसत नाही. कोणीतरी अलीकडे बनवून पॉलिश केलंय. माफ करा.

परत येताना गाडीत तू पदक रुमालात गुंडाळून टाकलंस. मी मात्र बोलत राहिलो, कारण गप्प बसणं मला जमत नाही. आपण दोघं गंजाचे जाणकार. काळा रंग सगळीकडून सारखा कसा जाईल, याची मी कारणं काढू लागलो. बसऱ्याची वाळू. समुद्राची हवा. गावातला ओलावा. आम्लाचा धूर. मी तर शास्त्रशुद्ध पद्धतीनं एकेक कारण घेऊन खोडत गेलो आणि शेवटी म्हटलं, "माधव, निसर्गात असा गंज नाही. म्हाताऱ्याचं बरोबर असेल."

तू एवढंच म्हणालास, "म्हणजे पणजोबा बाजारातच गेले होते तर."

तुझ्या तोंडून ते ऐकवलं नाही मला. माझंच कोणीतरी खोटं ठरल्यासारखं वाटलं.

आणि मग आली खंडेनवमी. त्या वर्षी माझी ड्युटी नव्हती, म्हणून पहिल्यांदाच मी त्या दिवशी तुझ्या घरी आलो. पाट मांडलेला, त्यावर तुझी मोजमापाची हत्यारं, गाडीची किल्ली, तुझ्या लेकीचा, ईशाचा लॅपटॉप. पंचांगात बसत नसेल ते सगळं ओल्ड एअरपोर्टच्या त्या फ्लॅटमध्ये बसत होतं. तू आंघोळीला गेला होतास. मी पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि बघतो तर काय. सुनंदावहिनी सिंकपाशी उभ्या, एका हातात चिंचेचा कोळ आणि मीठ, दुसऱ्या हातात तुझ्या पणजोबांचं पदक. आणि काय घासत होत्या म्हणतोस! तांब्याचा हंडा घासावा तसं.

"वहिनी! थांबा! अहो, काय करताय?"

"काय म्हणजे? पूजेला ठेवायचं ना? असंच ठेवू?"

"दरवर्षी घासता?"

"मी काय, सासूबाई घासायच्या. त्यांच्या सासूबाई राखेनं घासायच्या म्हणे आधी, मग चिंचेनं. वरून खोबरेल लावायचं, म्हणजे गंजत नाही."

मी तुला बाथरूमच्या दाराबाहेरून हाका मारल्या. तू डोक्याला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून बाहेर आलास. मी नुसतं सिंककडे बोट दाखवलं. तू पदकाकडे बघितलंस, चिंचेकडे बघितलंस, आणि मटकन स्टुलावर बसलास. तुमच्या घरात घासणं बायकांचं आणि पूजा पुरुषांची. पदक घासताना तू कधी बघितलंच नव्हतंस, तुझ्यापुढे यायचं ते पाटावर, कुंकू लावून, चकचकीत. आख्ख्या रास लफानमध्ये कुठलं लोखंड कशानं झिजलं ते अचूक सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातलं लोखंड शंभर वर्षं का गंजलं नाही, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही. मला तरी कुठे पडला? मी वाळू आणि आम्लाचा धूर धुंडाळत होतो. चिंच माझ्याही घरात होती.

"काही चुकलं का माझं?" वहिनी घाबरून म्हणाल्या.

"काही नाही," तू म्हणालास. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या पणजोबांचा पुरावा घासून टाकलात, एवढंच." आणि जो हसत सुटलास, ते डोक्यावरचा साबण डोळ्यांत जाईपर्यंत.

पण तूच पुढचं बोललास. म्हणालास, बोट जिथे पोचतं तिथलाच रंग गेला असणार. जिथे पोचत नाही तिथे? आपण भिंग घेऊन खिडकीत बसलो. चांदीची कड जिथे लोखंडाला चिकटते, त्या बारीक खाचेत वर्षानुवर्षांचं कुंकू भरलं होतं. सुईच्या टोकानं ते कुंकू तू किती हळू काढलंस! कुंकवाखाली काळं होतं. गडद, तुकतुकीत, जुनं काळं. पूर्ण कडेला, आतल्या कोपऱ्यातून, जसं रंगवलं होतं तसं.

आता राहिली ती वरची कडी, बनवणाऱ्याची खूण असली तर तिच्यावरच असते. त्या कडीला तुमच्याकडे दर नवमीला लाल दोरा बांधायचे, आणि जुना कापायचा नाही, वरून नवा बांधायचा अशी रीत. दोऱ्यांचा नुसता गोळा झाला होता. मी कात्री मागितली. वहिनी म्हणाल्या, "कापायचा नाही, सोडवते मी." आणि पूजा झाल्यावर पिन घेऊन एकेक गाठ सोडवत बसल्या. शेवटचा दोरा निघाला, तेव्हा त्याचा लाल रंग उरलाच नव्हता. खाली कडीवर दोन अक्षरं होती, इतकी बारीक की ईशाला बोलवावं लागलं. तिनं वाचली, तू फोनमध्ये शोधलीस, आणि फोन माझ्यापुढे धरलास. बर्लिनच्या सरकारी टांकसाळीची खूण. चिंचेनं जे नेलं ते दोऱ्यानं राखलं होतं.

त्यानंतर ओळखीच्या लॅबमध्ये आपण पदकाचा एक्स-रे काढून घेतला, नळ्यांच्या जोडांचा काढतात तसा. आत लोखंडाचा गाभा, बाहेर चांदीच्या दोन कडा, मधोमध जोड. नकलेत इतकी मेहनत कोणी घेत नाही. डच म्हाताऱ्यानं तो एक्स-रे बघितला, खाचेतलं काळं बघितलं, कडी बघितली. मग विचारलं, बाकीचा रंग गेला कुठे? तू म्हणालास, "चिंच. दरवर्षी एकदा. शंभर वर्षं." म्हातारा खुर्चीत मागे रेलून इतका हसला की त्याच्या बायकोनं आतून येऊन चौकशी केली. म्हणाला, नकला करणारे सगळं करतात, पण इतका धीर त्यांच्यात नसतो. पदक खरं आहे, सर.

तेव्हा तू त्याला पणजोबांची गोष्ट सांगितलीस. मला आठवतं, तू जरा चाचरतच सांगितलीस, कारण तिच्यावर लोक हसणार याची सवयच झाली होती तुला. तू म्हणालास, त्या जर्मनानं खिशातून काढून दिलं. म्हातारा म्हणाला, अर्थातच खिशातून. हे दुसऱ्या वर्गाचं पदक. ते छातीवर लावून कोणी लढाईत जात नसे. मिळालं त्या दिवशी लावायचं, नंतर कोटाच्या काजात नुसती रिबन. क्रूस खिशात तरी किंवा घरी तरी.

मी तुझ्याकडे बघितलं. गाव म्हणत होतं छातीवरून ओरबाडलं, कारण पदक छातीवरच असतं असं गावाला वाटायचं. मलाही वाटायचं. आणि तुझे पणजोबा, ज्यांना जर्मन पदकांतलं ओ की ठो कळत नव्हतं, ते पहिल्यापासून सांगत होते की खिशातून. खोटं बोलणारा माणूस छाती म्हणाला असता. तू त्या परक्या माणसाच्या दिवाणखान्यात चेहरा हातांत घेऊन रडलास. म्हातारीनं तुला पाणी आणून दिलं. माधव, मी तुला कधी बोललो नाही, पण माणूस इतका आनंदानं रडू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि मग माझी जीभ. पार्किंगमधून तू गाडी काढत होतास तेव्हा मी म्हणालो, "पण खिशातून काढूनही घेता येतं, घाट्या."

तू ब्रेक दाबलास. "म्हणजे?"

"म्हणजे पदक खरं, खिसा खरा. पण दिलं की घेतलं, हे एक्स-रेमध्ये दिसत नाही. माझं म्हणशील तर, जीव धोक्यात घालून मिळवलेलं पदक कोणी असं परक्याला देत नाही. ना नात्याचा, ना भाषेचा, ना धर्माचा, वर शत्रूच्या फौजेतला. का देईल?"

"कारण तिथे दुसरं कोणी नव्हतं," तू म्हणालास.

"हे उत्तर नाही."

"हेच उत्तर आहे, कोकण्या."

तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. बसमध्ये, टपरीवर करकच्या, इथल्या उकळलेल्या दुधाच्या चहाच्या, कपाभोवती, जुम्मानंतर तुझ्या बाल्कनीत. त्यात भर घातली तुझ्या भावकीतल्या आप्पांनी. पदक खरं निघाल्याचं तू मोठ्या दिमाखात फोन करून सांगितलंस, आणि पलीकडून आप्पा म्हणाले, "आरं, मग तर लुटलंच म्हाताऱ्यानं! बाजारातलं असतं तर निदान इकत तरी घेतलं म्हनता आलं असतं." तू फोन ठेवलास. मला वाटलं तू चिडशील. तू म्हणालास, "अर्धी लढाई जिंकली. उरलेली तुझ्याशी आणि आप्पांशी." अरे, पण त्यात दुखावल्याचा आवाज मला ऐकू आला होता. तरी मी माघार घेतली नाही. पटलं नाही तर मान डोलवायची नाही, अशी आपली दोस्ती होती, आणि तिच्यावर मी अजूनही खूश आहे.

हॉस्पिटलचं मी फार लिहिणार नाही. तू तिथेही नर्सशी हुज्जत घालत होतास की सलाईनची नळी नीट बसलेली नाही. मी संध्याकाळी आलो तेव्हा वहिनी चहाला खाली गेल्या होत्या. तू कडेच्या ड्रॉवरमधून रुमाल काढलास आणि माझ्या हातात दिलास.

"हे तुझ्याकडे ठेव."

"घरी नेऊन देतो वहिनींना."

"घरी नको. तुझ्याकडे. तुझं."

मी म्हटलं, "वेड लागलंय का? बरा होशील, मग बघू." तू नेहमीसारखं हसलास आणि इन्शाल्ला म्हणालास, माझी नक्कल करत. मी रुमाल खिशात टाकला. आजारी माणसाशी वाद नको, उद्या परत देऊ, असं म्हणून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ईशाचा फोन आला.

पुढचे दिवस कागद, विमान, साताऱ्याला गेलेलं तुझं शेवटचं पार्सल असं म्हणणार होतो, पण नाही म्हणवत. पदक माझ्याकडेच राहिलं. वहिनी आणि ईशा तिकडचं सगळं आटपून ईशाच्या परीक्षेसाठी परत आल्या, आणि मी पहिल्याच शुक्रवारी, नमाज झाल्या झाल्या, रुमाल घेऊन तुमच्या घरी गेलो. टेबलावर ठेवला. म्हटलं, "वहिनी, हे घ्या. माधवनं ठेवायला दिलं होतं."

त्यांनी हात लावला नाही. "ठेवायला नाही, हनीफभाई. त्या दिवशी सकाळीच मला म्हणाले होते, हनीफला देणार. मी म्हटलं, द्या."

"अहो, पण घराण्याची वस्तू. ईशाची आहे."

ईशा सोफ्यावरून उठून आली. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत, हे तुझं जुनं दुखणं. तिनं रुमाल उचलून माझ्या हातात दिला. "नो अंकल. बाबा गेव्ह इट टू यू. यू डोन्ट रिटर्न दॅट." मग थांबून, शोधून शोधून मराठीत म्हणाली, "तुम्ही होता ना तिथे."

मी तसाच उभा होतो, पदक हातात घेऊन, तेवढ्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. तू गेल्यापासून दर शुक्रवारी करतात, मायेनं करतात, ते मान्य केलं पाहिजे. वहिनींनी फोन सगळ्यांना दिसेल असा उभा केला. आप्पांची नजर पहिल्यांदा गेली ती माझ्या हाताकडे.

"ते पदक न्हवं? हनीफभाईच्या हातात कसं?"

"त्यानं दिलं मला, आप्पा," मी म्हटलं.

"दिलं? कुनी? माधवनं? आरं, घरची चीज, शंभर वरसाची, अशी कोन देतंय भायेरच्या मानसाला? कवा दिली? कुनी बघितलं देताना?"

माझं डोकं असं तापलं की काय सांगू. कालपर्यंत ज्याला लुटीचा माल म्हणत होते ती आज घरची चीज झाली, आणि लुटारू झालो मी! तोंडावर आलेली शिवी मी गिळली ती केवळ ईशा समोर होती म्हणून. कोणी बघितलं देताना? कोणीच नव्हतं बघितलं. तिथे मी होतो आणि तू होतास, आणि तू आता बोलायला नव्हतास. ना मी तुझ्या नात्याचा, ना गावचा, ना धर्माचा. माझ्याकडे पुरावा म्हणून होता तो फक्त माझा शब्द. आणि हे मनात आलं तसं, माधव, मला आपलं भांडण आठवलं. मीच विचारलं होतं तुला, का देईल कोणी? तू उत्तर देऊन गेला होतास, आणि मी ते इतके दिवस खिशात घेऊन फिरत होतो.

मी रागावलो नाही मग. मी म्हटलं, "आप्पा, कोणी बघितलं नाही. तो हॉस्पिटलात होता, जवळ मी होतो. त्यानं स्वतःच्या हातानं काढून मला दिलं. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटलं असतं. असं कोणी देत नाही म्हणून मी त्याच्याशी किती भांडलोय, विचारा वहिनींना. पण देतात, आप्पा. माणसं देतात. माझ्या हातात आहे."

वहिनी फोनकडे वाकून म्हणाल्या, "आप्पा, खरं आहे ते." आप्पांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "म्हंजी त्यो जर्मन..." आणि थांबले.

"होय," मी म्हटलं.

"थांबा," म्हणाले, आणि स्क्रीनवरून उठून गेले. आम्हाला नुसती भिंत दिसत होती. परत आले तेव्हा डोक्यावर टोपी होती, बाहेर जाताना घालतात ती, पांढरी, कडक. मला म्हणाले, पदक जरा वर धरा. मी धरलं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि ज्या माणसाला उभा जन्म ते म्हातारा म्हणत आले त्याला म्हणाले, "चुकलं आमचं, आजोबा."